सुकतीला पाहावी होडी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका वयोवृद्ध नाखवांकडे जुन्या होड्यांच्या भावाची चौकशी करायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा खाडीला भरती होती. पाण्यावर सात-आठ होड्या डुलत होत्या. सगळ्या रंगवलेल्या, सगळ्या देखण्या. मी वही उघडली, तर नाखवा म्हणाले, "ठेव ती. भरतीला सगल्याच होऱ्या चांगल्या दिसतान. सुकतीला ये." पाणी उतरल्यावर पुन्हा गेलो. सकाळी जिच्यावरून नजर हटत नव्हती ती होडी आता चिखलात एका कुशीवर कलली होती. तळाला कालवे चिकटलेली, पाण्याच्या रेषेखाली एका फळीवर पत्र्याचा तुकडा ठोकलेला, सुकाणूची बिजागरी गेलेली आणि तिच्या जागी नायलॉनचा दोर. तिच्या शेजारची, सकाळी माझ्या लक्षातही न आलेली होडी मात्र सरळ उभी होती आणि तिचा तळ हातासारखा स्वच्छ होता. या दोन होड्यांच्या सकाळी ऐकलेल्या किमतींचा अर्थ मला दुपारी कळला.

बाजारालाही भरती-ओहोटी असते. गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते तेव्हा रंग विकला जातो. मंदी आली, महिनोन्महिने कुणी फिरकले नाही, की मग तळ दिसतो. होडीचा दिसतो, तसाच त्या होडीवर पोसलेल्या धंद्याचाही. पुढच्या पानांतली टिपणे, मोजमापे आणि मुलाखती ज्या अभ्यासातून आल्या, त्याला मराठीत अजून रूढ नाव नाही. मी त्याला 'होडीबाजाराचा अभ्यास' म्हणतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठावर नव्या-जुन्या होड्या कोण विकतो, कोण घेतो, किंमत कशी ठरते आणि सौदा का अडतो, एवढाच त्याचा विषय. या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

लोकलच्या दारात उभे राहून कळव्याची खाडी रोज ओलांडणाऱ्यांना हा विषय आपल्या गावाचा वाटत नाही, याचे मला वाईट वाटते. होडी म्हटले की आपल्याला अलिबाग आठवते, मालवण आठवते. कल्याण आठवत नाही. वास्तविक इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने अरबी समुद्राच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, त्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण आहे. आणि ते कसे आहे हे आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. बंदर एके काळी रीतसर बाजारपेठ होते, पण सँडनीस नावाच्या राजाच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडला आहे आणि चुकून तिथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेले जाऊ शकते, असे तो सांगतो. म्हणजे कल्याण बंदराची ही इतकी जुनी नोंदसुद्धा मंदावलेल्या बाजाराची आहे. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी कल्याणहून पितळ, कापड आणि लाकूड बाहेर जात असल्याचे लिहितो. बंदर पुन्हा उठले होते, आणि त्याच्या मालात लाकूड होते, हे ध्यानात ठेवावे. जिथे लाकूड उतरते तिथे सुतार बसतो, आणि सुतार बसला की होडी बांधली जाते.

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराच्या नौका बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर 1659 च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस आणि त्याच्या मुलाच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले आणि ते काम सोडून निघून गेले. ही गोष्ट आपण राजकारण म्हणून वाचतो. होडीबाजाराच्या बाजूने पाहिली तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: नौकेची खरी टंचाई लाकडाची नसते, हातांची असते. लाकूड विकत मिळते. फळी वाफवून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, कशी वळवायची हे ज्याला कळते तो माणूस निघून गेला, की अर्धा बांधलेला सांगाडा काठावर तसाच उभा राहतो. आजही नवी लाकडी होडी सांगायला गेलात तर लाकडाच्या भावाआधी मिस्त्री मोकळा आहे का, हेच विचारावे लागते.

मग 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. माणसे रुळांवर गेली. जड माल मात्र बराच काळ पाण्यावरच राहिला: मीठ, विटा, दगड, भाताचा पेंढा, आणि सर्वांत शेवटी रेती. या खाडीकाठच्या बाजाराचे मूळ सूत्र मला इथे सापडते. धंदा एकदम मरत नाही. तो होडी सोडून जातो, आणि होडी पुढच्या धंद्याची वाट पाहत काठावर थांबते. मिठाच्या पडावाने पुढे रेती वाहिली. डोल जाळे लावणारी होडी पुढे तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, झाली. विक्रीला आलेली प्रत्येक जुनी होडी म्हणजे एखाद्या सरलेल्या किंवा सरत आलेल्या कामाचा दाखला आहे, आणि तो वाचायला शिकणे हाच आमच्या अभ्यासाचा गाभा.

रेतीचेच पाहा. मुंब्रा, कळवा, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याण या सगळ्या ठिकाणच्या 'रेतीबंदर' या नावात तो धंदा अजून शिल्लक आहे. हातपाटीची पद्धत अशी की होडी खाडीच्या मध्यावर नांगरायची, एकाने बांबूच्या आधाराने तळाशी बुडी मारायची, पाटी भरायची आणि वरच्यांनी ती ओढून घ्यायची. या भागातल्या किती इमारतींच्या भिंतींत या बुड्या आहेत, हे कुणी मोजलेले नाही. पुढे सक्शन पंप आले. पाटीवाल्याला दिवस लागायचा ते काम तासात होऊ लागले, आणि खाडीचा तळही त्याच वेगाने ओरबाडला गेला. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या परवानगीशिवाय होणाऱ्या रेतीउपशाला चाप लावला. तेव्हापासून अधूनमधून महसूल खात्याची पथके खाडीत उतरतात आणि बेकायदा पंप व बार्ज गॅसकटरने कापतात. अशा बार्जच्या किमतीचा प्रश्न विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला आहे. उत्तर सोपे आहे: जिचा मालक पुढे येऊन सही करू शकत नाही, तिला फक्त भंगाराचा भाव. तिचे पोलाद कितीही जाड असो.

मासेमारीची गोष्ट याहून हळवी आहे. ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिल्यावर खाडीच्या पाण्याचे काय झाले ते काठावरच्या माणसाला प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय ठाऊक आहे. जिताडा, बोईट, कोळंबी, निवटी, चिंबोरी ही नावे आजोबा भराभर घेतात आणि नातू थांबून थांबून. खाडीत मासळी कमी झाली तशी लहान होडीची किंमत उतरली, आणि ज्यांना जमले ते मोठे मशीन घेऊन खोल समुद्राकडे गेले. ऑगस्ट 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. आता हिवाळ्यात पक्षी दाखवायला होड्या निघतात. ज्या होडीला मासळीने सोडले, तिला पक्ष्यांनी काम दिले. बाजारात याचा परिणाम लगेच दिसतो: रुंद, स्थिर, उथळ पाण्यात चालणाऱ्या जुन्या होडीला विचारणा येऊ लागते, आणि वेगासाठी बांधलेली अरुंद होडी तशीच पडून राहते.

तरीचे मात्र थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. मोठागावहून पलीकडे भिवंडीच्या गावांना होडीने जाणारी पिढी अजून हयात आहे. मोठागावला पलीकडच्या माणकोलीशी जोडणारा पूल झाला आणि त्या होड्यांच्या किमतीबद्दल बोलण्यात अर्थ राहिला नाही.

उलट एक किंमत अशी आहे की ती अजून न झालेल्या कामावर उभी आहे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले 111 जलमार्ग जाहीर केले. त्यांत 53 क्रमांकाचा आमचा: कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी आणि उल्हास नदी, मिळून सुमारे 145 किलोमीटर. वसई-भाईंदरची रो-रो, म्हणजे वाहने वाहणारी फेरी, 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या काठावर पुन्हा बोलणी सुरू झाली. विक्रेता म्हणतो, जलवाहतूक येतेय, दोन वर्षे थांबलो तर दुप्पट येतील. घेणारा म्हणतो, येईल तेव्हा बघू. या दोघांच्या मधले अंतर होडीच्या लाकडात किंवा मशीनमध्ये नाही. ते 'उद्या'त आहे. मंदीच्या बाजारात सौदे अडतात ते बहुतेक याच जागी. म्हणून मी नव्या अभ्यासकाला सांगतो की किमतीचा आकडा लिहून घेतलात, तर त्याच्या शेजारी तो आकडा कोणत्या कामासाठी सांगितला गेला तेही लिहा. त्याशिवाय तो आकडा मुका आहे.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देऊ लागतो, चांगल्या गाडीचा मालक ती विकायचे टाळतो आणि बाजारात खोडीच्या गाड्याच उरतात. या विचारासाठी पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या खाडीकाठाला हे तत्त्व लागू आहे, पण पुरते नाही. इथे घेणारा आणि विकणारा एकाच पाण्यावर वाढलेले असतात. कोणती होडी कधी खडकावर चढली, कुणी मशीन तापू दिले, हे कोळीवाड्यात लपत नाही. ॲकरलॉफचा बाजार खरा होतो तो आमच्यासारखा, काठाबाहेरचा माणूस होडी घ्यायला येतो तेव्हा.

माझ्या आतेभावाचेच झाले. त्याच्यासह डोंबिवलीच्या चार मित्रांनी वर्गणी काढून गळाने मासे धरायला म्हणून वापरलेली फायबरची होडी घेतली. नवाकोरा रंग, चकचकीत मशीन. पहिल्याच फेरीत गती दिल्यावर मागची फळी, जिच्यावर आउटबोर्ड मशीन टांगतात ती, श्वास घेतल्यासारखी आतबाहेर हलू लागली. फायबरच्या दोन पदरांमध्ये प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी मुरून त्याचा भुसा झाला होता. ते सुखरूप काठाला लागले. त्या भोकांत दाभण खुपसून पाहायला एक मिनिटही लागले नसते, पण होडी पाहायला गेले तेव्हा भर हंगाम होता, मागे आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती आणि इसार द्यायची घाई झाली. मंदीत ती घाई नसते. विकणारा चहा सांगतो, बसवून घेतो, आणि तुम्ही तळाखाली आडवे झालात तरी काही म्हणत नाही.

लाकडी होडी पाहायची ती कानाने आणि दाभणाने. बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने फळीवर टिचकी मारत नाळेपासून मागे यायचे. सुके, भरीव लाकूड खणखणते. कुजलेले दबक्या आवाजात उत्तर देते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरलेली असते, तिथे दाभण टेकवायचे. पाण्याच्या रेषेच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली तर थांबायचे, कारण लाकूड पोखरणारा किडा बाहेरून एवढाच दिसतो आणि आत बोटाएवढ्या जाडीची बोगदी करतो. हा किडा खाऱ्या पाण्याचा, गोड्या पाण्यात तो तग धरत नाही. म्हणून जुन्या काळी जगभर जहाजे काही काळ नदीत आणून ठेवत, आणि म्हणूनच उल्हासच्या वरच्या अंगाला राहिलेली होडी व खाडीच्या तोंडाशी राहिलेली होडी एकाच वयाच्या असल्या तरी एकाच किमतीच्या नसतात. होडी कुठे बांधून ठेवत होता, हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

सागाचे आयुष्य किती, याचे उत्तर द्यायला मी एक उदाहरण नेहमी देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' 1817 मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमाराने वापरून झाल्यावर 1897 मध्ये तिला मोडीत काढले. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ती घेतली आणि मुलांना दर्यावर्दीपणा शिकवण्यासाठी पुन्हा कामाला लावली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मोडीच्या भावात घेतलेली मुंबईची होडी शंभर वर्षांनंतरही पाण्यावर आहे, हे ऐकल्यावर विद्यार्थी जुन्या लाकडाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

फायबर मात्र गप्प असते. लाकूड आपले वय सांगते, फायबर रंगाखाली दडवते. नवी फायबरची होडी घ्यायची असेल तर मंदीचा एक मोठा फायदा आहे: कारखान्यात काम थोडे असते, त्यामुळे साच्यात काचेच्या चटईचे थर बसत असताना मालक तुम्हाला शेजारी उभे राहू देतो. किती थर पडले, राळ नीट झिरपली का, कण्याच्या जागी जादा थर दिला का, हे एकदा पाहिलेल्या माणसाला पुढे जुन्या होडीवर नाणे वाजवून पोकळ जागा ओळखता येते. म्हणून माझा सल्ला असा की जुनी घ्यायची असली तरी आधी एक नवी बांधताना पाहावी.

मशीनबद्दल लिहू लागलो तर प्रस्तावनेचे पुस्तक होईल. एवढेच सांगतो की मशीन थंड असताना सुरू करायला सांगावे. तुम्ही पोचण्याआधीच ते तापवून ठेवले असेल तर का, ते विचारावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे मशीनवर ओझे जास्त किंवा डिझेल नीट जळत नाही. ऑइलची पट्टी बाहेर काढल्यावर दुधाळ दिसली तर आत पाणी शिरले आहे. पंखा, शाफ्ट, नांगर, साखळी हे सुटे सामान जुन्यात हवे असेल तर आमच्याकडची माणसे मुंबईला दारूखान्यात जातात, आणि तिथल्या भावाची कल्पना असल्याशिवाय होडीची घासाघीस करू नये.

कागदांचे महत्त्व नवख्याला उशिरा कळते. मासेमारी होडीची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे, 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. माणसे किंवा माल वाहणारी यांत्रिक होडी अंतर्गत पाण्यात चालवायची तर 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा, आणि गाठ महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाशी. म्हणजे मासेमारीची होडी घेऊन उद्यापासून पर्यटक फिरवू, असे होत नाही. होडीवर कर्ज असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा ना हरकत दाखला, मशीनचा नंबर नोंदणीशी जुळतो का, होडी वारसांच्या नावावर आली असेल तर सगळ्यांच्या सह्या. मी पाहिलेले अडकलेले सौदे लाकडावर कमी आणि चौथ्या भावाच्या सहीवर जास्त अडकलेले आहेत.

बाजाराचे पंचांगही शिकून घ्यावे. पावसाळी मासेमारी बंदी 1 जूनला लागते आणि साधारण जुलैअखेरपर्यंत असते. होड्या त्या वेळी काठावर ओढलेल्या असतात, मालक घरी असतो, खलाशी गावी गेलेले असतात आणि वर्षाचा हिशेब मिटायचा असतो. विकायचे ठरले तर याच दिवसांत ठरते. नारळी पौर्णिमा जवळ आली की मात्र विकणाऱ्याचेही मन पालटते, कारण नवा हंगाम समोर दिसू लागतो. मंदीच्या वर्षी जूनमध्ये होडी का काढली हे विचारले तर उत्तरे मिळतात ती ठरावीकच: भागीदारी मोडली, कर्ज थकले, पोरगा कंपनीत लागला, मालक गेला. या चारांतली शेवटची दोन कारणे ऐकली की मी होडी जास्त बारकाईने पाहतो, कारण अशा घरांतून उत्तम होड्या बाहेर येतात. धंदा सुटला तो होडीच्या दोषाने नसतो.

या अभ्यासात मला सर्वांत मोठी उणीव जाणवली ती अशी की आम्ही पुरुषांनाच विचारत राहिलो. नाखवा होडीची लांबी, मशीन, जाळी सांगतो. पण ती होडी वर्षाला किती मिळवते हे ज्यांच्या हातून मासळी विकली जाते त्या मावश्यांना ठाऊक असते. ठाण्याच्या मासळीबाजारात एका मावशींनी पाटीच्या कडेवर हात ठेवून, एका होडीच्या तीन वर्षांच्या मिळकतीचा हिशेब मला तोंडी सांगितला. वारानुसार, मासळीनुसार. मालकाने सांगितलेल्या आकड्याशी तो जुळत नव्हता, आणि होडी शेवटी विकली गेली ती मावशींच्या हिशेबाला धरून. पुढचे संशोधन याच वाटेने जावे असे मला मनापासून वाटते, आणि डोंबिवली-कल्याणच्या महाविद्यालयांतल्या मुलींनी ते हाती घ्यावे. त्यांच्यापुढे मावशी जितक्या मोकळ्या होतील तितक्या माझ्यापुढे झाल्या नाहीत.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. पण वाचण्याआधी एकदा काठावर जाऊन यावे. भरतीचे वेळापत्रक पाहून अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडावा. उधाणाला पाणी जितके चढते तितकेच खाली उतरते, आणि तळ पूर्ण उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत जाऊ नये, अर्धी होडी पाण्यातच राहते. सोबत दाभण, लहान हातोडी आणि जुने कपडे असावेत. ज्यांची होडी आहे त्यांना आधी विचारावे, नाखवा किंवा मावशी म्हणून हाक मारावी, आणि होडीवर पाय ठेवण्याआधी चपला चिखलातच काढून ठेवाव्यात.